गोळी लागू पडेनाशी होते तेव्हा

प्रस्तावना

स्तनाच्या कर्करोगाचे निदान होते तेव्हा गाठीचा तुकडा तपासला जातो आणि रिपोर्टवर तीन नोंदी येतात : ईआर, पीआर आणि हर-टू. पहिल्या दोहोंपुढे ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेले असेल, तर त्या गाठीची वाढ स्त्रीच्या शरीरातल्याच इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनांच्या जिवावर चाललेली असते. अशा रुग्णाला ऑपरेशन आणि गरजेप्रमाणे किमो, रेडिएशन झाल्यावर रोजची एक गोळी सुरू होते. पाळी चालू असेल तर बहुधा टॅमॉक्सिफेन, पाळी गेलेली असेल तर लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल. ही गोळी पाच वर्षे घ्यायची असते, काही जणींना दहा. पाच वर्षे नियमाने घेतलेल्या टॅमॉक्सिफेनमुळे पुढच्या पंधरा वर्षांत या आजाराने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. स्वस्त आणि गावातल्या मेडिकलमधूनही मागवता येणाऱ्या गोळीने एवढे काम करावे, ही वैद्यकातली मोठी कमाई आहे.

काही जणींच्या बाबतीत मात्र हीच गोळी काही वर्षांनी लागू पडेनाशी होते. हाडात, यकृतात किंवा फुप्फुसात आजार पुन्हा उभा राहतो. रुग्णाने एक दिवसही गोळी चुकवलेली नसते. “मी तर सगळं सांगितल्यासारखं केलं, मग असं का?” हा तिचा प्रश्न असतो. कुंभिवली, सावरोली, चौक किंवा कर्जतकडच्या एखाद्या वाडीतून पहाटेची लोकल धरून ‘टाटाला’, म्हणजे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, जाणाऱ्या बाईला या प्रश्नाचे सरळ उत्तर मराठीत मिळावे, हा या पुस्तकाचा पहिला हेतू आहे. दुसरा हेतू त्याहून कमी बोलल्या जाणाऱ्या कामाचा आहे. हार्मोनला दाद न देणाऱ्या या आजारावरची नवी औषधे माणसाच्या तोंडात पडण्याआधी कुठे, कशी आणि कोणावर तपासली जातात, त्या तपासणीवर विसंबावे किती आणि तिला प्रश्न विचारावेत कोणते, हे पुढच्या प्रकरणांत आले आहे.

गोष्ट जुनी आहे. १८९६ साली ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी स्तनाचा वाढलेला कर्करोग असलेल्या स्त्रियांचे बीजांडकोश काढले आणि काही गाठी विरल्याची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. हार्मोन हा शब्दही तेव्हा प्रचारात नव्हता. १९५०च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी इस्ट्रोजेन पेशीत एका विशिष्ट प्रथिनाला चिकटते हे दाखवले. तेच ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. हे प्रथिन कुलूप मानले तर इस्ट्रोजेन त्याची किल्ली, आणि टॅमॉक्सिफेन म्हणजे त्याच भोकात जाऊन अडकणारी, पण न फिरणारी किल्ली.

टॅमॉक्सिफेनचा जन्म मात्र कर्करोगासाठी झालेला नाही. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी १९६२ साली हे रसायन बनवले, ते गर्भनिरोधक म्हणून. उंदरांच्या जातीत ते गर्भ रोखत होते. स्त्रियांमध्ये त्याने उलट बीजांड सुटायला मदत केली. प्राण्यातला निकाल माणसात जसाच्या तसा उतरत नाही, हा धडा या औषधाने पहिल्याच पावलाला दिला. पुढे कर्करोगासाठी त्याचा विचार झाला आणि १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये, १९७७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आपल्याकडे लखनऊच्या सीडीआरआयमध्ये तयार झालेले सेंटक्रोमन याच घराण्यातले. १९९१ मध्ये ते ‘सहेली’ म्हणून बाजारात आले आणि आज सरकारी कार्यक्रमात ‘छाया’ या नावाने प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. आशाताई पाळणा लांबवण्यासाठी जी गोळी देतात, ती रसायनशास्त्राच्या नात्याने टॅमॉक्सिफेनची बहीण आहे.

या विषयातले महाराष्ट्राचे घराणेही लहान नाही. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तिथल्या पॅथॉलॉजीचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, जन्म पुण्यातला, ८ नोव्हेंबर १९१७चा. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवून त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन त्यांनी भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. त्यांचा मुख्य विषय उंदरांतला स्तनाचा कर्करोग. कोणत्या वाणाच्या माद्यांना गाठी होतात, कोणत्या वाणाला होत नाहीत, त्यात हार्मोनचा वाटा किती, आनुवंशिकतेचा किती, दुधातून पिलांकडे जाणाऱ्या विषाणूचा किती, याचा त्यांनी वर्षानुवर्षे पिच्छा पुरवला. १९७३ मध्ये त्यांनी सहकारी शास्त्रज्ञ स्त्रियांसह इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन सुरू केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आज आपण ज्याला औषधाची प्रीक्लिनिकल, म्हणजे माणसाला देण्याआधीची, तपासणी म्हणतो, तिची दोन्ही अंगे, भांड्यातली पेशी आणि पिंजऱ्यातला उंदीर, या बाईंनी मुंबईत रुजवली. त्या संस्थेचा वारसा २००२ पासून खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात चालतो आहे. खारघर पनवेल तालुक्यात, म्हणजे आमच्याच रायगड जिल्ह्यात. कुंभिवलीत बसून हे लिहिताना त्या जवळिकीचा अभिमान वाटतो, आणि इथल्या घराघरांत त्या कामाची माहिती नाही याची खंतही वाटते.

आता मूळ प्रश्न. गोळी लागू पडेनाशी का होते? आज कळलेली कारणे मुख्यतः तीन आहेत. एक, रिसेप्टरमध्येच बदल होतो. ईएसआर-१ या जनुकात बिघाड होऊन रिसेप्टर किल्लीवाचूनच कायम उघडा राहतो. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी शरीरातले इस्ट्रोजेन जवळपास संपवले तरी त्याला फरक पडत नाही. हे २०१३ मध्ये ठळकपणे पुढे आले. दोन, पेशी वाढीचा दुसरा मार्ग धरते. पीआय-थ्री-के, एकेटी, एमटॉर या प्रथिनांची साखळी तिला हार्मोनविना वाढते ठेवते. हार्मोन-पॉझिटिव्ह गाठींपैकी सुमारे ४० टक्क्यांत या साखळीतल्या पीआयके-३-सीए जनुकात बदल सापडतो. तीन, पेशीच्या विभाजनाला हिरवा कंदील दाखवणारी सीडीके-४ आणि सीडीके-६ ही प्रथिने मोकाट सुटतात. यातल्या नेमक्या एका प्रथिनावर निशाणा धरणाऱ्या औषधांना टार्गेटेड औषधे म्हणतात.

अशा औषधाची पहिली परीक्षा पेशींवर होते. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशींच्या कुळाला पेशी-वंशावळ म्हणतात; सर्वांत जास्त वापरली गेलेली वंशावळ एमसीएफ-७. मिशिगनमधल्या कॅथरीन फ्रान्सिस मॅलन या ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून १९७० साली हर्बर्ट सूल यांनी या पेशी वाढवल्या. सातव्या प्रयत्नात जमले म्हणून नावात सात. त्या बाई त्याच वर्षी वारल्या. त्यांच्या पेशी आजही जगभर वाढत आहेत. ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत या पेशी पेरतात, खळग्याखळग्यात औषधाची मात्रा वाढवत नेतात, दोन दिवसांनी उरलेल्या पेशी गुलाबी रंगाने रंगवून यंत्रावर रंगाची दाटी मोजतात. वाढ निम्म्यावर आणायला किती मात्रा लागली, हा आकडा पहिला निकाल. अ‍ॅक्ट्रेकमध्ये अशी तपासणी करणारी सुविधा आहे, आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवते.

हे काम दिसते सोपे, पण त्यात फसायला जागा भरपूर. १९८०च्या दशकापर्यंत एक कोडे होते : एमसीएफ-७ पेशींना इस्ट्रोजेन दिले नाही तरी त्या वाढत. मग इस्ट्रोजेनचा परिणाम मोजायचा कसा? १९८६ मध्ये इलिनॉयच्या कात्सेनेलेनबोगन दांपत्याच्या गटाने उलगडा केला. पेशी ज्या लालसर द्रवात वाढवतात, त्यातल्या फिनॉल रेड या रंगामुळे इस्ट्रोजेनसारखा परिणाम होत होता. आम्लता एका नजरेत कळावी एवढ्यासाठी घातलेला रंग प्रयोगाचा निकाल बदलत होता. तेव्हापासून हार्मोनच्या प्रयोगाला बिनरंगाचा द्रव वापरतात आणि पेशींना घालायचे सीरम कोळशातून गाळून त्यातले हार्मोन काढतात. एमडीए-एमबी-४३५ या पेशींची गत तर याहून वाईट. स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून त्या वर्षानुवर्षे वापरल्या गेल्या आणि शेवटी त्वचेच्या मेलानोमाच्या निघाल्या. म्हणून आता पेशींची ओळख डीएनएवरून पडताळल्याशिवाय निकाल छापू नये, असा दंडक आहे.

दुसरी परीक्षा उंदरावर. थायमस ग्रंथी नसलेल्या, अंगावर केस नसलेल्या ‘न्यूड’ उंदराला परकी पेशी नाकारता येत नाही, म्हणून त्याच्या कातडीखाली माणसाची गाठ धरते. एमसीएफ-७ची गाठ वाढायला सोबत इस्ट्रोजेनची बारीक गोळी कातडीखाली बसवावी लागते. मग आठवड्यातून ठराविक दिवशी व्हर्नियर कॅलिपर्सने गाठीची लांबी-रुंदी मोजायची, उंदराचे वजन करायचे, आणि औषध मिळालेल्या व न मिळालेल्या गटांची तुलना करायची.

या पद्धतीची ताकद दाखवणारा एक प्रयोग इथे सविस्तर सांगतो, कारण त्याने लाखो स्त्रियांच्या उपचारात बदल केला. १९८८ मध्ये अमेरिकेत क्रेग जॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत पी. जी. सत्यस्वरूप हे भारतीय नावही आहे, एकाच उंदरात दोन गाठी बसवल्या. एका बाजूला स्तनाची, दुसऱ्या बाजूला गर्भाशयाच्या अस्तराची. दोन्ही गाठी माणसाच्या. मग टॅमॉक्सिफेन दिले. स्तनाची गाठ थांबली. गर्भाशयाची वाढत राहिली. तोच प्राणी, तेच रक्त, तेच औषध, आणि दोन अवयवांत दोन उलटे परिणाम. पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या रुग्णांच्या नोंदींत टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग जास्त दिसला. आज पाळी गेल्यानंतर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला अंगावरून रक्त गेले तर लगेच दाखवायला सांगतात, त्यामागे हा उंदीर आहे. त्याच काळात याच गटाने दाखवले की उंदरातली गाठ दीर्घकाळ टॅमॉक्सिफेनवर ठेवली, तर शेवटी ती टॅमॉक्सिफेनवरच पोसली जाऊ लागते. अशा गाठींवर रिसेप्टर नष्ट करणारी औषधे उंदरात उपयोगी पडली आणि त्यातून २००२ मध्ये फुलवेस्ट्रंट हे इंजेक्शन रुग्णांपर्यंत आले.

सीडीके रोखणाऱ्या औषधांची वाट तर मुंबईतून गेली आहे. पश्चिम घाटात वाढणाऱ्या डायसोक्झायलम बायनेक्टारिफेरम या झाडापासून मुलुंडच्या होएक्स्ट इंडियाच्या प्रयोगशाळेत रोहिटुकिन हे द्रव्य वेगळे केले गेले. त्याच्यावरून बेतलेले फ्लेवोपिरिडॉल हे माणसांत चाचणीसाठी गेलेले जगातले पहिले सीडीके-रोधक. पुढे मुंबईच्याच निकोलस पिरामल कंपनीने त्याच कुळातले पी-२७६-०० पुढे नेले, त्याच्या चाचण्या स्तनाच्या कर्करोगापर्यंत पोचल्या. दोन्ही औषधांना रुग्णांत अपेक्षित यश आले नाही. ती एकाच वेळी बऱ्याच सीडीकेंवर हल्ला करत, त्यामुळे निरोगी पेशींनाही मार बसे. पुढची पिढी नेमकी झाली. पॅल्बोसिक्लिब फक्त सीडीके-४ आणि ६ वर चालते. २००९ मध्ये लॉस एंजेलिसला रिचर्ड फिन आणि डेनिस स्लेमन यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगाच्या ४७ पेशी-वंशावळींवर ते तपासले आणि ईआर-पॉझिटिव्ह पेशी सर्वांत जास्त दाद देतात असे दाखवले. टॅमॉक्सिफेनला सरावलेल्या पेशींवरही ते चालले. त्या ताटल्यांवरच्या निकालावरून रुग्ण निवडले गेले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. सह्याद्रीतले झाड आणि मुलुंडचे रसायनतज्ज्ञ या यशाच्या पहिल्या पायरीवर होते, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे.

किमतीचा प्रश्न इथेच सांगितला पाहिजे. पॅल्बोसिक्लिबचे भारतातले पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपले, देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि भाव झपाट्याने उतरला. त्याच वर्गातल्या रायबोसिक्लिबसाठी केरळच्या एका रुग्ण स्त्रीने २०२२ मध्ये उच्च न्यायालयात दाद मागितली होती. निकाल लागण्याआधी ती गेली. तपासणी कितीही चोख झाली, तरी औषध परवडेपर्यंत ती रुग्णाच्या दृष्टीने अपुरीच असते.

औषध गाठीला मारते एवढ्याने भागत नाही, ते शरीराला किती सोसवेल हेही पाहावे लागते. साधारणपणे दोन प्राणिजातींत, त्यांपैकी एक उंदरांच्या वर्गाबाहेरची, रक्त, यकृत, मूत्रपिंड, हृदय यांच्यावरचा परिणाम तपासतात. आपल्याकडे हे सारे ‘नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम, २०१९’ यांच्या चौकटीत होते, आणि प्राण्यांवरचा प्रत्येक प्रयोग संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीने मंजूर करावा लागतो. मार्च २०२३ मध्ये या नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशींचे गोळे, चिपवरचे अवयव, संगणकी प्रारूपे अशा बिगर-प्राणी पद्धतींनाही वाट मोकळी झाली. हा बदल स्वागतार्ह आहे. टाळता येण्याजोगा एकही प्राणी वापरू नये, हे केवळ दयेचे नव्हे, तर चांगल्या विज्ञानाचेही तत्त्व आहे.

एवढे सगळे होऊनही माणसांवर चाचणीसाठी गेलेल्या कर्करोगाच्या औषधांपैकी फार थोडी, विसांत एखादे, मान्यतेपर्यंत पोचतात. याचे मोठे कारण माझ्या मते हे : तपासणीतला उंदीर आणि तपासणीबाहेरची बाई यांच्यात साम्य कमी आहे. प्रयोगातली मादी तरुण, सडसडीत, एकाच वाणाची, ठराविक खाण्यावर वाढलेली. तिला मधुमेह नाही, तिच्या अंगात रक्त कमी नाही. अल्पेलिसिबचे उदाहरण घ्या. पीआय-थ्री-के रोखणाऱ्या या गोळीला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. तिने रक्तातली साखर चढते आणि त्यामुळे चढलेले इन्सुलिन औषधाने बंद केलेला तोच मार्ग पुन्हा उघडू शकते, हे २०१८ मध्ये उंदरांत दाखवले गेले. ज्या देशात घराघरांत मधुमेह आहे, तिथे हा मुद्दा तळटीपेत ढकलता येत नाही.

आपल्या रुग्णही वेगळ्या आहेत. भारतात २०२२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण झाल्या आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया दगावल्या, असा जागतिक अंदाज आहे. आपल्या बायकांना हा आजार पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी गाठतो, पुष्कळ जणींची पाळी तेव्हा चालू असते, आणि हार्मोन-पॉझिटिव्ह गाठींचे प्रमाण तिकडच्यापेक्षा कमी आहे. असे असताना जगभरची औषधे मुख्यतः परदेशी स्त्रियांच्या पेशींवर तपासली जातात. खोपोलीच्या कारखान्यात काम करणाऱ्या किंवा खालापूरच्या भातशेतीत राबणाऱ्या बाईची गाठ त्या ताटलीत नाही. ती यायला हवी. रुग्णाच्या गाठीचा तुकडा थेट उंदरात किंवा भांड्यात वाढवून त्यावर औषध तपासण्याचे तंत्र आता हाताशी आहे, आणि परळच्या टाटा रुग्णालयात गाठींच्या नमुन्यांचा संग्रहही आहे. भारतीय रुग्णांच्या गाठींवरची तपासणी नव्या औषधाच्या मान्यतेचा नेहमीचा भाग झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचकांना तीन गोष्टी सांगून थांबतो. ‘उंदरातला कर्करोग बरा केला’ अशी बातमी वाचाल तेव्हा ती सुरुवातीच्या पायरीची आहे हे ओळखा, आणि तिच्या भरवशावर चालू असलेली गोळी कधीही बंद करू नका. आजार उलटला असेल, तर नव्या जागेचा तुकडा पुन्हा तपासता येईल का, ईएसआर-१ आणि पीआयके-३-सीएची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना धीटपणे विचारा, कारण पुढचे औषध त्यावर ठरते. आणि ऑपरेशनआधी गाठीचा उरलेला भाग संशोधनासाठी ठेवण्याचा संमतीपत्राचा कागद पुढे आला, तर तो समजावून मागा, शंका विचारा, मन राजी असेल तर सही करा. तुमच्या सहीमुळे पुढचे औषध तुमच्या मुली-सुनांच्या शरीराशी जुळणाऱ्या गाठीवर तपासले जाईल.

कुंभिवली, ता. खालापूर, जि. रायगड